12,400 रुपये, आठवड्याचे आठ तास आणि स्वतःचा एम.टेक.

लातूरच्या एका मुलीने विचारलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सरकारी कॉलेजातून सिव्हिलची बी.ई., पुण्यात एका डिझाइन ऑफिसात दोन वर्षं नोकरी. यंदा गेटचा (एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेचा) स्कोअर चांगला आला आणि आयआयटीत स्ट्रक्चरलला एम.टेक.ची जागा मिळाली, टीएशिपसह, म्हणजे स्टायपेंडच्या बदल्यात टीचिंग असिस्टंटचं (टीएचं) काम. तिचे प्रश्न चार. महिना 12,400 रुपयांत भागेल का? टीएचं काम सांभाळून स्वतःचा अभ्यास होतो, की सीपीआयची (ग्रेडच्या सरासरीची) वाट लागते? चारचौघांत इंग्रजी बोलताना माझी गाळण उडते, मी मुलांना काय शिकवणार? आणि दोन वर्षांच्या टीएऐवजी तीन वर्षांची आरएशिप (रिसर्च असिस्टंटचं काम) घ्यावी का?

मी 2010 ते 2012 टीए म्हणून एम.टेक. केलं, पुढे पीएच.डी.लाही टीए होते, आणि आता माझ्याच कोर्सला दर सेमिस्टरला सहा-सात टीए असतात. तुझ्यासारखी मुलं जुलैत येतात तेव्हा कुठे अडखळतात आणि डिसेंबरपर्यंत कशी तयार होतात हे मी दरवर्षी पाहते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी उरकते. गेटमधून आलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिन्याला 12,400 रुपये मिळतात, जास्तीत जास्त 24 महिने. म्हणजे सगळे मिळून 2,97,600. माझ्या वेळी 8,000 होते. हॉस्टेलवर राहणाऱ्या एकट्या मुलीचं यात भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा कर्जाचे हप्ते चालू असतील तर भागत नाही, हे स्पष्टच सांगते. खरी ओढाताण होते ती सुरुवातीला. स्टायपेंड येतो महिन्यामहिन्याने, पण फी, हॉस्टेल आणि मेसचे पैसे सेमिस्टर सुरू होतानाच एकरकमी भरावे लागतात. त्यात बँक खातं, कागदपत्रं, रुजू झाल्याची नोंद या सगळ्यात पहिला हप्ता हमखास लांबतो. मला पहिले पैसे ऑक्टोबरात मिळाले होते, आणि तोवर बाबांनी पोस्टातली आवर्ती ठेव मोडली होती. तू नोकरीत आहेस तोवर फीचे पैसे सोडून तीन महिन्यांच्या खर्चापुरती रक्कम बाजूला काढून ठेव. आणि नोकरीचा राजीनामा नीट देऊन ये, रिलीव्हिंग लेटर हातात असू दे. पगार चालू ठेवून टीएशिप घेता येत नाही.

हेच वाचणारं कोणी आयआयटी-एनआयटीऐवजी एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) मान्यताप्राप्त कॉलेजात गेट स्कोअरवर एम.टेक. करणार असेल, तर तिथेही रक्कम तीच आहे, फक्त ती एआयसीटीईकडून थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं असू दे. वडिलांसोबतच्या जॉइंट खात्यामुळे अर्ज अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता मुख्य गोष्ट.

या पैशांच्या बदल्यात तुझ्याकडून आठवड्याला आठ तास काम अपेक्षित असतं. ट्यूटोरियल घेणं, लॅबमध्ये उभं राहणं, पेपर तपासणं, परीक्षेला सुपरव्हिजन, मार्कांच्या नोंदी. आठ तास ऐकायला सोपं वाटतं आणि तिथेच मुलं फसतात, कारण आठ ही सरासरी आहे. सोळा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर तुझे एकूण 128 तास होतात, पण ते सारखे वाटलेले नसतात. पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन तासांचंही काम नसतं. क्विझच्या आठवड्यात दहा तास लागतात. मिडसेमनंतर अठरा. आणि तुझी स्वतःची मिडसेमही त्याच आठवड्यात असते.

मी दुसऱ्या सेमिस्टरला हे शिकले, आणि महागात शिकले. माझ्याकडे एक लॅब बॅच होती, एक ट्यूटोरियल होतं आणि शिवाय पेपर तपासणं. मी तास मोजलेच नाहीत. सर सांगतील ते करायचं, एवढंच डोक्यात. कोणी विचारलं तर लगेच "हो सर". मार्चमध्ये एका आठवड्यात मी रोज रात्री दोनपर्यंत दुसऱ्यांचे पेपर तपासत होते आणि माझी फायनाइट एलिमेंटची असाइनमेंट सकाळी घाईघाईत उतरवून दिली. त्या विषयात मला जी ग्रेड मिळाली ती माझ्या संपूर्ण एम.टेक.मधली सगळ्यात खालची, आणि तोच विषय मला सगळ्यात जास्त आवडायचा. नंतर कळलं ते जास्त लागलं. ज्या सरांच्या कोर्सची मी टीए होते त्यांना वाटत होतं की त्यांनी मला आठवड्याचं सहा-सात तासांचं काम दिलंय. लॅबचं काम दुसऱ्याच कोणी दिलेलं, त्यांना त्याची कल्पना नव्हती. सगळं मिळून किती होतंय हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. तारीख, काम, किती वेळ. तीन रकाने, बस. माझ्या टीएंनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगते. ही वही तक्रारीसाठी नसते. ती तुझ्यासाठी असते. चार आठवडे लिहिलंस की तुला कळतं, एक पेपर तपासायला आपल्याला किती मिनिटं लागतात, ट्यूटोरियलची तयारी किती वेळ खाते, आणि कुठल्या आठवड्यात आपली मान अडकणार आहे. मग कॅलेंडरवर तुझ्या स्वतःच्या परीक्षा लाल पेनाने, टीएच्या तारखा निळ्या पेनाने लिही. जिथे लाल-निळं एकावर एक येतं तिथे आजच जाऊन बोल. तीन आठवडे आधी "सर, 18 ते 22 माझी मिडसेम आहे, तपासायचे पेपर मी 23 ला घेतले तर चालतील का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. आदल्या रात्री विचारलं तर चांगला माणूसही चिडतो. हे मी आता टेबलाच्या या बाजूला बसून सांगतेय.

एखादे प्राध्यापक कोर्सबाहेरची कामं सांगतात, खासगी कन्सल्टन्सीचे आकडे भरून दे, घरचं काही आणून दे. ते टीएचं काम नाही. नाही म्हणायला जड जातं, विशेषतः तेच तुझे गाईड असतील तर. विभागात टीएंचं वाटप बघणारे एक प्राध्यापक असतात, त्यांच्याकडे वही घेऊन जा आणि तोंडी न सांगता मेलवर लिही. आवाज चढवायची गरज पडत नाही, आकडे समोर असले की पुरतं.

आता पेपर तपासण्याबद्दल, कारण तुझे निम्मे तास इथे जाणार आहेत आणि हे काम कसं करायचं ते कोणी शिकवत नाही. हातात गठ्ठा देतात आणि सांगतात, सोमवारपर्यंत.

समज, 120 मुलांचा पेपर आहे, चार टीए आहेत. प्रत्येकाने तीस-तीस पेपर वाटून घेणं ही सगळ्यात वाईट पद्धत. एकाचा हात सढळ, एकाचा आखडता, आणि कोणाच्या गठ्ठ्यात पेपर गेला त्यावर मुलाचे मार्क ठरतात. एका टीएने एकच प्रश्न सगळ्या 120 पेपरांत तपासायचा. एका प्रश्नाला तीन मिनिटं धरली तर सहा तास. मार्किंग स्कीम, म्हणजे कशाला किती मार्क याची यादी, आणि नोंदींसाठी आणखी दीड. म्हणजे एका आठवड्याच्या आठ तासांत बसतं. पण पंचविसाव्या पेपरला तू थांबून विचार करत बसलीस, की याला दोन द्यावे की तीन, तर तीनाची सात मिनिटं होतात आणि सहा तासांचे चौदा. वेळ तपासण्यात जात नाही, ठरवण्यात जातो. म्हणून आधी ठरवायचं.

कसं ते एका प्रश्नावर दाखवते. सहा मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना आधारांवर नुसता टेकवलेला), डाव्या आधारापासून दोन मीटरवर 12 किलोन्यूटनचा पॉइंट लोड. रिअॅक्शन (आधारांनी दिलेली बलं) काढा, शिअर फोर्स (कापणारं बल) आणि बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) यांचे डायग्राम काढा. दहा मार्क. उत्तर तुला तोंडपाठ आहे: डावीकडे 8, उजवीकडे 4, लोडखाली मोमेंट 16 किलोन्यूटन-मीटर.

आता दोन पेपर बघ. दोघांनीही रिअॅक्शन उलटे घेतलेत, डावीकडे 4 आणि उजवीकडे 8. बेरीज 12 च येते, शिअरचा डायग्रामही शेवटी शून्यावर मिटतो, त्यामुळे तिथे दोघांनाही शंका आली नाही. मोमेंटला मात्र अडकतं. डावीकडून लोडखाली 4 गुणिले 2, म्हणजे 8. तिथून पुढे शिअर वजा 8, अंतर 4 मीटर, म्हणजे 32 ने खाली. उजव्या आधारावर वजा 24 येतं, आणि तिथे तर शून्य यायला हवं. पहिल्या मुलाने काय केलं? 8 वरून सरळ रेघ ओढून शून्यावर आणली आणि मोकळा झाला. दुसऱ्या मुलीने वजा 24 लिहिलं, त्याच्याभोवती गोल केला आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं, इथे शून्य यायला हवं, रिअॅक्शन चुकलेत बहुतेक, वेळ नाही.

नुसतं शेवटचं उत्तर बघणारा टीए दोघांनाही सारखेच मार्क देईल. पहिल्याचा डायग्राम दिसायला बरोबर दिसतो म्हणून कदाचित त्यालाच अर्धा मार्क जास्त. माझ्या मते हा अन्याय आहे. त्या मुलीला बीम समजलाय. उद्या साइटवर असं काही आलं तर ती थांबेल. पहिला मुलगा थांबणार नाही. म्हणून माझ्या स्कीममध्ये लिहिलेलं असतं: रिअॅक्शनचे 3 मार्क एकदाच कापायचे, पुढचं सगळं मुलाच्या स्वतःच्या आकड्यांवर तपासायचं, डायग्राम बळजबरीने मिटवला असेल तर मोमेंटच्या 4 पैकी 1, मिटत नाही हे ओळखून लिहिलं असेल तर 4 पैकी 3. दोघांमध्ये दोन मार्कांचा फरक पडला, आणि तो का पडला हे मी दोघांनाही समोर बसवून सांगू शकते.

अशी स्कीम हवेत तयार होत नाही. आधी पेन बाजूला ठेवून दहा पेपर नुसते वाचायचे. मुलं कुठे कुठे चुकतात ते दहा पेपरांत बहुतेक सगळं दिसतं. मग स्कीम लिहायची, कोर्सच्या सरांना किंवा मॅडमना दाखवायची, आणि मग पहिल्या पेपरापासून सुरुवात. पहिलं पान न बघता सरळ प्रश्नावर जायचं, म्हणजे नाव डोळ्यांसमोर येत नाही. एका बैठकीला चाळीसच्या वर नाही. तीस झाले की पहिले पाच पुन्हा उघडून बघायचे. दर वेळी एक तरी सापडतो जिथे आपण सुरुवातीला कडक होतो आणि नंतर सैल झालो. मार्क कुठे कापले तिथेच बारीक खूण करायची आणि एक शब्द लिहायचा. तो एक शब्द पुढे पेपर दाखवण्याच्या दिवशी तुझी दहा मिनिटं वाचवतो. शेवटी नोंदी करताना एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने शीटमध्ये भरायचं. बेरजेच्या आणि नोंदीच्या चुका सगळ्यात जास्त होतात, आणि त्यात मुलाची काहीच चूक नसते.

रूममेटचा किंवा मित्राचा पेपर तुझ्या गठ्ठ्यात आला तर न तपासता सांगून टाक. कॉपी दिसली तर दोन्ही पेपर जसेच्या तसे बाजूला काढून सरांकडे दे. मुलांना बोलावून स्वतः चौकशी करू नकोस. तो निर्णय तुझा नाही आणि त्याचं ओझंही तू घेऊ नयेस. मार्कांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, कितीही मागितली तरी.

मग येतो पेपर दाखवण्याचा दिवस. आयआयटी मुंबईत मुलं याला क्रिब म्हणतात, इतर ठिकाणी नुसतं पेपर बघणं म्हणतात. पन्नास मुलं एका खोलीत, प्रत्येकाला अर्धा मार्क हवाय. नवीन टीए इथे घाबरतात, नाहीतर चिडतात. तोंडी घासाघीस करायचीच नाही. काय चुकलंय असं वाटतं ते मुलाने कागदावर लिहून द्यायचं, तू शांतपणे नंतर बघायचं. आणि तुझी चूक निघाली तर ती त्याच्यापुरती दुरुस्त करायची नाही. तीच चूक ज्या ज्या पेपरांत झाली असेल ते सगळे पेपर पुन्हा काढायचे, तक्रार न केलेल्यांचेही.

हे मी एका मुलामुळे शिकले. पहिल्याच सेमिस्टरला, खोली रिकामी होत आली होती. एक मुलगा आला, पेपर उघडला, मार्क बघितले, नीट घडी घालून परत ठेवला आणि निघाला. तीसपैकी अकरा. काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, "थांब, बघितलंस का नीट?" तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, त्याच्या बोलण्यावरून मला अंदाज आला आणि मी मराठीत विचारलं, "कुठला रे तू?" धुळ्याकडचा निघाला. मी पेपर पुन्हा उघडला. त्याने सगळे मोमेंट डायग्राम रेषेच्या खाली काढले होते आणि मी प्रत्येक ठिकाणी चिन्ह चुकलं म्हणून मार्क कापले होते. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या पुस्तकात ताण ज्या बाजूला येतो त्या बाजूला काढतात." आणि ते बरोबर आहे. दोन्ही पद्धती चालतात. स्ट्रक्चरलमध्ये तर ताणाच्या बाजूला काढण्याची पद्धत सर्रास आहे, आणि मी स्वतः स्ट्रक्चरलची विद्यार्थिनी होते! मी सरांकडे गेले, गठ्ठा परत मागून घेतला. असे नऊ पेपर निघाले. नवांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती.

भांडणारी मुलं स्वतःचं बघून घेतात. जी घडी घालून परत ठेवतात त्यांच्यासाठी टीए लागतो. तू लातूरहून आलीयेस, मराठी माध्यमातून आलीयेस, तुला ती मुलं लांबूनही ओळखू येतील. म्हणून तुझा तिसरा प्रश्न मला उलटा वाटतो.

इंग्रजीबद्दल. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझंही सगळं शिक्षण सांगलीकडे मराठीत झालं आणि पहिल्या ट्यूटोरियलच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. पण ट्यूटोरियल म्हणजे भाषण नाही. फळा आहे, खडू आहे, बीम आहे. तुझ्या विषयाची भाषा आकृती आणि समीकरण आहे, आणि ती तुला येते. पहिली चार वाक्यं पाठ करून जा: आज काय करणार, कुठला गणितप्रकार, कुठे चूक होते, शंका कधी विचारायच्या. तेवढ्याने पहिली दोन मिनिटं निघतात. नंतर हात चालू लागतो आणि हाताबरोबर तोंड चालतं. वाक्यं छोटी ठेव. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, लिहून झालं की वळ आणि मग बोल. आठवडाभर आधी तीच गणितं कोऱ्या कागदावर स्वतः सोडव, उत्तरपत्रिका न बघता. ज्या पायरीला तू अडखळशील तिथेच वर्ग अडखळणार आहे.

प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसेल तर "पुढच्या वेळी सांगते" म्हण, आणि पुढच्या वेळी न विसरता, त्याने न विचारता, सांग. त्या एका गोष्टीने वर्गाचा जो विश्वास बसतो तो फाडफाड इंग्रजीने बसत नाही.

वर्गात सगळ्यांसमोर हिंदी-मराठीवर जाऊ नकोस. मागच्या बाकावर तेलुगू किंवा मल्याळी मुलगी बसलेली असते, तिच्यासाठी दरवाजा बंद होतो. पण वर्ग सुटल्यावर, एकट्याची शंका असेल तेव्हा, ज्या भाषेत त्याला कळतं त्या भाषेत बोल. 2021पासून जेईई मेन मराठीतूनही देता येते. आपल्या भाषेत विचार करणारी मुलं तुझ्या वर्गात असणारच आहेत.

आणि यातून तुझ्या स्वतःच्या एम.टेक.ला काय मिळतं, हे तुला आत्ता पटणार नाही, पण लिहिते. माझ्या थिसिसच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले होते. माझं काम पोर्टल फ्रेमच्या भूकंपातल्या वागणुकीवर, स्लाइड पन्नासच्या वर. त्यांनी एकही स्लाइड उघडू दिली नाही. म्हणाले, फळ्यावर एक साधी फ्रेम काढा, बाजूने बल लावा आणि मोमेंट डायग्राम हाताने काढून दाखवा. माझ्या आधीचा मुलगा, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, सॉफ्टवेअरवर जन्म काढलेला, इथेच घसरला होता. मी तेच पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन सेमिस्टर खडूने काढून दाखवत आले होते. कुठे मुलं चुकतात तेही सांगितलं. ते हसले आणि पुढचे प्रश्न सोपे झाले. आठ तास वाया जातात असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. मात्र टीएचा विषय तुझ्या शाखेच्या मुळाशी असला तरच हे होतं. निवड विचारली तर मेकॅनिक्स, स्ट्रेंथ, स्ट्रक्चरल अॅनालिसिस माग. नुसत्या नोंदी आणि हजेरीचं काम सोपं असतं, पण त्यातून हाताला काही लागत नाही.

दुसऱ्या वर्षाचं तिसरं सेमिस्टर आत्ताच लक्षात ठेव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थिसिसच्या पहिल्या टप्प्याचं प्रेझेंटेशन, नोव्हेंबरमध्ये एंडसेम आणि त्याचे गठ्ठे, आणि 1 डिसेंबरला प्लेसमेंट सुरू. तिन्ही एकमेकांच्या अंगावर येतात. यावर एकच उपाय मला माहीत आहे: त्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कोर्सच्या सरांशी बोलून ऑगस्ट-सप्टेंबरचं जास्त काम स्वतःहून घे, ट्यूटोरियलं घे, क्विझ तपास, आणि एंडसेमचं तपासणं दुसऱ्या टीएकडे दे. अदलाबदल जुलैत मागितली तर मिळते.

आरएशिपबद्दल थोडक्यात. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी तीन वर्षांचा एम.टेक. असतो, त्यात आठवड्याला वीस तास काम. लॅबची यंत्रं सांभाळणं, सर्व्हर बघणं, टेस्टिंग. कोर्स सावकाश होतात, संशोधनाला वेळ मिळतो, पीएच.डी.कडे जायचं असेल तर हाताशी एखादा पेपरही होतो. पण तुला दोन वर्षांत पुन्हा डिझाइनमध्ये जायचंय असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. मग टीएच घे. पुढे पीएच.डी.चं मनात आलं तर तिथली फेलोशिप 1 जानेवारी 2023पासून महिना 37,000 आहे, दोन वर्षांनी 42,000, आणि तिथेही टीएचं काम असतंच. तेव्हा तुला ते नवीन नसेल.

रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात, काम काहीच नसताना, कोर्सच्या सरांना जाऊन भेट. तीन गोष्टी विचार: सेमिस्टरच्या सगळ्या परीक्षांच्या तारखा, माझ्या वाट्याला नेमकं काय काय, आणि गेल्या वर्षीची मार्किंग स्कीम मिळेल का. तिसरी मागितलीस की ते जरा वर बघतील. फार कमी जण मागतात. मिळाली तर घेऊन ये, नाही मिळाली तर गेल्या वर्षीचा पेपर घे, खोलीवर बस आणि स्वतःच एक स्कीम लिहून काढ. तुझ्या वहीतली पहिली नोंद तीच होऊ दे. दीड तास.